त्याला पोहता येत होतं

माझ्या आत्याचा धाकटा मुलगा शेततळ्यात बुडून गेला, त्याला आता नऊ वर्षं होतील. बावीस वर्षांचा होता. शेजारच्या गावात द्राक्षबागेवर फवारणीच्या कामाला जायचा. भर दुपारी बादली घेऊन तळ्याच्या बांधावर गेला आणि दिवस मावळायच्या सुमारास गळ टाकून त्याला वर काढावं लागलं. मी पोचलो तेव्हा ग्रामीण रुग्णालयाच्या आवारात कडुनिंबाखाली माणसं मान खाली घालून उभी होती आणि आत्या एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "अरे, पण त्याला पोहता येत होतं रे!"

सगळ्यांना तो आकांत वाटला. मलाही वाटला. कुणी तिला पाणी पाजलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. तो प्रश्न होता, हे कळायला मला फार उशीर लागला. विहिरीच्या काठावरून मुटका मारणारा पोरगा साचलेल्या पाण्यात बुडाला कसा? आणि त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न होता, जो ती कुणापाशीच बोलत नव्हती. त्या दिवशी सकाळी मोटारसायकलच्या हप्त्यावरून मायलेकांची बोलाचाली झाली होती. न जेवता तो घराबाहेर पडला होता. पोहता येणारा माणूस बुडतो तेव्हा गाव एकच अर्थ काढतं, आणि तो अर्थ गावाच्या आधी आईच्या मनात येऊन गेलेला असतो.

तिला दोन उत्तरं मिळाली. पहिलं सरकारचं. पोलीस ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद झाली, पंचनामा झाला, शवविच्छेदन झालं. मरणाचं कारण : पाण्यात बुडून. घातपाताचा संशय नाही. प्रकरण दप्तरी दाखल. दुसरं उत्तर गावाचं. साती आसरांनी नेला. त्या तळ्याची कधी पूजाच झाली नव्हती म्हणे. दहाव्याच्या आधीच कुणीतरी हिरवा खण, नारळ आणि हळदकुंकू घेऊन बांधावर जाऊन आलं.

आपण शिकलेली माणसं दुसऱ्या उत्तराला अंधश्रद्धा म्हणतो आणि पहिल्या उत्तराला चौकशी. आईच्या बाजूने पाहिलं तर दोन्ही उत्तरं सारखीच आहेत. दोन्ही तिला सांगतात की आता पुढे विचारू नकोस. माणूस कशाने गेला एवढंच दोघं सांगतात. कसा गेला, हे कुणीच सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की हा 'कसा' समजणं हा मागे राहिलेल्यांचा हक्क आहे, आणि तो देणं हे समाजाचं कर्तव्य आहे. ही दया नव्हे आणि कुणाच्या सवडीची गोष्टही नव्हे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा मृत्यूची चौकशी पोलीस ठाण्यात संपत नाही. मृत्यू हिंसक किंवा अनैसर्गिक असेल, कारण कळत नसेल किंवा तो कोठडीत झाला असेल, तर प्रकरण कोरोनर नावाच्या स्वतंत्र न्यायाधिकाऱ्याकडे जातं. हे पद ११९४ सालापासूनचं आहे, आणि ते काही करुणेपोटी जन्माला आलेलं नाही. राजाच्या तिजोरीत काय येणं आहे हे पाहायला कोरोनर नेमले गेले. माणूस गाडीखाली सापडून मेला तर ती गाडी किंवा तिचं मोल राजाकडे जमा व्हायचं. हा नियम १८४६ पर्यंत कायद्यात होता. तिजोरीसाठी जन्मलेलं हे पद शतकांच्या रेट्याने मृताच्या घरच्यांकडे वळलं. व्यवस्था बदलू शकते, याचा याहून चांगला दाखला शोधावा लागणार नाही.

आज तिथल्या २००९ च्या कायद्याप्रमाणे कोरोनरला चार प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. गेलेला माणूस कोण, केव्हा गेला, कुठे गेला आणि कसा गेला. फौजदारी गुन्हा कुणाचा, भरपाई कुणी द्यायची, हे ठरवायचा अधिकार त्याला नाही. त्यासाठी दुसरी न्यायालयं आहेत. शिक्षेची टांगती तलवार नसते, म्हणून सत्य सांगायला थोडी जागा होते, ही त्यामागची भावना. सुनावणी उघड असते. आईवडील, पती-पत्नी, मुलं, भावंडं यांना तिथे नुसतंच बसायला मिळतं असं नाही. त्यांना कागदपत्रं मिळतात, आणि साक्षीदाराला ते स्वतः किंवा वकिलामार्फत प्रश्न विचारू शकतात. ज्या डॉक्टरने तपासलं, ज्या अधिकाऱ्याने फोन घेतला, त्याच्यासमोर उभं राहून आई विचारू शकते : माझा मुलगा तेव्हा बोलत होता का?

याचा उपयोग काय, हे लंडनच्या एका नऊ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूतून कळतं. ती फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याच्या झटक्याने गेली. २०१४ च्या पहिल्या चौकशीत श्वसनक्रिया बंद पडल्याचं लिहिलं गेलं. तेही खोटं नव्हतंच. पण घर सतत वाहत्या मोठ्या रस्त्याजवळ होतं आणि आईला 'कसा' हवा होता. २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने ती पहिली चौकशी रद्द केली आणि डिसेंबर २०२० मध्ये दुसऱ्या कोरोनरने मृत्यूच्या कारणांमध्ये हवेचं प्रदूषण नोंदवलं. मुलगी तीच, फुप्फुसं तीच. प्रश्न नीट विचारला गेला आणि एका घराचं दुःख शहराला कळलं.

दुसरं उदाहरण शेफील्डच्या हिल्सबरो मैदानाचं. १५ एप्रिल १९८९ ला तिथे फुटबॉलच्या सामन्यात झालेल्या चेंगराचेंगरीने ९६ जणांचा बळी घेतला. जखमी झालेला आणखी एक जण २०२१ साली गेला, म्हणजे आता संख्या ९७. पहिल्या चौकशीने दुपारी सव्वातीननंतर काय घडलं हे पाहायचंच नाकारलं आणि १९९१ मध्ये 'अपघाती मृत्यू' असा शेरा मारला. घरचे लोक मागे हटले नाहीत. २०१२ मध्ये तो शेरा रद्द झाला. २०१४ मध्ये नवी चौकशी सुरू झाली, तेव्हा घरच्यांनी आधी आपला माणूस कसा होता हे न्यायालयात उभं राहून सांगितलं. एप्रिल २०१६ मध्ये ज्यूरीने सांगितलं की ही माणसं बेकायदा कृत्याने मारली गेली. मधल्या सत्तावीस वर्षांत काही आया हा निकाल न ऐकताच गेल्या. तेव्हा तिथेही सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. सरकारी खाती जनतेच्या पैशावर वकील उभे करतात आणि घरच्यांना बहुतेक वेळा मोफत वकील मिळत नाही, ही तक्रार तिथे जुनीच आहे. पण ज्याच्यापुढे भांडायचं असं दार तिथे आहे. आपल्याकडे भिंत आहे.

असं दार मुंबईत होतं, हे आज किती जणांना ठाऊक आहे? १८७१ च्या कोरोनर कायद्यात इलाख्यांच्या राजधान्यांसाठी हे पद होतं आणि मुंबईत ते १९९९ पर्यंत टिकलं. खेड्यापाड्यांत ते कधी पोचलंच नाही. मुंबईतून ते गेलं तेव्हा शहराने फारशी हळहळ केली नाही, कारण ती व्यवस्था आपली आहे असं आपल्याला कधी वाटलंच नव्हतं.

आता सगळीकडे एकच रीत आहे. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १९४. ठाण्याच्या अधिकाऱ्याने कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवायचं, प्रेत असेल तिथे जायचं, दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष मृत्यूचं वरवर दिसणारं कारण नोंदवायचं, अंगावरच्या जखमा लिहायच्या. 'वरवर दिसणारं' हा शब्द नीट वाचा. कुणी मारलं, कसं, कोणत्या परिस्थितीत, ही चर्चा या पंचनाम्याच्या कक्षेबाहेरची आहे, असं सर्वोच्च न्यायालयानेही १९७५ मध्ये सांगितलं. गुन्हा झालाय का, एवढंच पाहायला ही चाळणी केलेली आहे. गुन्हा निघाला तर तपास होतो. नाही निघाला, तर फाईल दप्तरी जाते, आणि फाईलबरोबर घरच्यांचा प्रश्नही.

प्रतिष्ठित रहिवासी म्हणजे कोण, तेही मी त्या दिवशी पाहिलं. एक रुग्णालयाबाहेरचा चहावाला आणि एक रुग्णाला डबा घेऊन आलेला माणूस. दोघांनी कागद न वाचता सही केली. त्यांचा दोष म्हणून मी हे सांगत नाही. आपली सही म्हणजे एका माणसाच्या शेवटाची साक्ष आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आणि तरी आपल्याच कायद्यात दुसरं बीज आहे. कोठडीत मृत्यू झाला तर कलम १९६ प्रमाणे न्यायदंडाधिकाऱ्याने चौकशी करायची असते, शक्य असेल तिथे नातेवाइकांना कळवायचं असतं आणि त्यांना हजर राहू द्यायचं असतं. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत अटक झालेल्या एका विद्यार्थ्याचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. आजारपणाचं कारण पुढे आलं होतं. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांकडे बोट दाखवलं. आई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेली, जुलै २०२५ मध्ये गुन्हा नोंदवण्याचा आदेश झाला आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरला. नातेवाइकांना चौकशीत जागा देणं आपल्या कायद्याला परकं नाही, हे यातून दिसतं. मग ज्याला कोठडीबाहेर मरण आलं त्या माणसाच्या आईने काय गुन्हा केला आहे?

आत्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मला तीन वर्षांनी मिळालं, तेही योगायोगाने. शेततळ्यांना प्लास्टिकचं अस्तर घालणारा एक कारागीर एसटीत शेजारी बसला होता. मी सहज विचारलं. तो म्हणाला, "पोहण्याचा काय संबंध, दादा? पोहून तो कडेला येणारच. पण कडेला आल्यावर वर कसा येईल?" पाचशे मायक्रॉनचा कागद, त्यावर शेवाळ, चारी बाजूंनी उतार. हाताला धरायला काही नाही, पायाला टेकू नाही. माणूस चढतो आणि घसरतो, चढतो आणि घसरतो. दम संपेपर्यंत. "आम्ही दर वेळी मालकाला सांगतो, चार कोपऱ्यांत गाठी मारलेला दोर सोडून ठेवा. दोराला पैसे किती लागतात? पण राहून जातं."

राहून जातं. आत्याचा मुलगा गेला त्यानंतरच्या चार उन्हाळ्यांत आमच्या पंचक्रोशीत आणखी तिघे असेच गेले. त्यातला एक तर बुडणाऱ्याला काढायला उतरलेला होता. प्रत्येकाची वेगळी नोंद, वेगळा पंचनामा, वेगळी फाईल, आणि कारण एकच : पाण्यात बुडून. पहिल्या मृत्यूच्या वेळी कुणी 'कसा' विचारलं असतं आणि ते कृषी खात्याला, ग्रामपंचायतीला लिहून कळवलं असतं, तर पुढचे तीन कागद लिहावे लागलेच नसते, अशी माझी खात्री आहे. इंग्लंडमध्ये कोरोनरला वाटलं की असाच मृत्यू पुन्हा होऊ शकतो, तर त्याने संबंधित खात्याला किंवा संस्थेला तसा अहवाल धाडायचा असतो आणि त्यांनी ५६ दिवसांत लेखी उत्तर द्यायचं असतं. दोन्ही कागद लोकांसमोर येतात. सूचना पाळायची सक्ती नाही, हा त्यातला कच्चा दुवा. पण 'आम्हाला माहीत नव्हतं' असं म्हणायची सोय तिथे उरत नाही. आपल्याकडे गटारात उतरलेला पहिला कामगार गुदमरतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही गुदमरतो. अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये १० लाख आणि २०२३ मध्ये ३० लाख ठरवली. रक्कम वाढली, हे न्यायाचंच झालं. पण गेलेल्या प्रत्येकामागे जर 'कसा' नीट विचारला गेला असता, तर रक्कम वाढवायची वेळ कशाला आली असती?

हे बोललं की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं : "गेलेला माणूस परत येणार आहे का?" या वाक्याचं वजन फार आहे. ते सांत्वनासारखं वाटतं आणि तोंड बंद करतं. गेलेला माणूस परत येणार नाही, हे आईला कुणी शिकवायची गरज नाही. पण मागे राहिलेल्यांना जगायचं असतं. माझ्या हातून काही चुकलं का, हा प्रश्न उशाशी घेऊन माणूस वर्षानुवर्षं झोपू शकत नाही. शिवाय पुढे जाणार आहे तो माणूस अजून जिवंत आहे. त्याला तरी परत आणायची वेळ येऊ नये.

दुसरं वाक्य : "चिरफाड नको, प्रेताची विटंबना नको." ही भावना मला कळते. जिला न्हाऊमाखू घातलं त्या कुडीला सुरी लागू नये असं वाटणं स्वाभाविक आहे. पण सत्य पुरणं ही त्याहून मोठी विटंबना आहे. तिसरं वाक्य कुणी मोठ्याने म्हणत नाही : घराची अब्रू. आत्महत्या असेल तर ती अपघात म्हणून लिहून घ्यावी, सून असेल तर लवकर आटोपावं. लग्नाला सात वर्षं झालेली नसताना बाई अशी गेली तर कायदा जास्त काळजी घ्यायला सांगतो, तो या आटोपण्याच्या घाईमुळेच. ज्या घराची अब्रू एका मेलेल्या बाईच्या न विचारलेल्या प्रश्नावर उभी आहे, ती अब्रू मोडलेलीच बरी.

आता मागणं काय? कोरोनरचा जुना खुर्ची-टेबलासकट संसार परत आणा, असं मी म्हणत नाही. चार गोष्टी आजच्या यंत्रणेतही होऊ शकतात. अकस्मात मृत्यूची नोंद झाली की पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांची प्रत न मागता, हेलपाटे न घालायला लावता घरच्यांच्या हातात द्यावी, आणि तपास कुणाकडे आहे ते लिहून द्यावं. व्हिसेरा प्रयोगशाळेत गेला आणि मृत्यूच्या कारणाबद्दलचं मत राखून ठेवलं असेल, तर अहवाल आल्या दिवशी घरी कळवावं. प्रकरण दप्तरी दाखल करण्याआधी कार्यकारी दंडाधिकाऱ्याने घरच्यांना बोलावून दोनच गोष्टी कराव्यात : कागदात काय आहे ते साध्या मराठीत वाचून दाखवावं, आणि तुमचे काय प्रश्न आहेत ते विचारून लिहून घ्यावेत. आणि वर्षाअखेरीस प्रत्येक तालुक्याने अशा मृत्यूंची, नावं वगळून, 'कसे' यासह यादी लावावी. ती संबंधित खात्यांना जावी आणि उत्तर द्यायची मुदत ठरलेली असावी. पोलिसांवर आधीच कामाचा डोंगर आहे हे खरं. म्हणूनच हे काम महसुली दंडाधिकाऱ्याचं आणि आरोग्य खात्याचंही असलं पाहिजे.

सरकार हे करीपर्यंत आपले हात बांधलेले नाहीत. पंच म्हणून बोलावलं तर कागद वाचल्याशिवाय सही करू नये. पोलीस पाटलाने, सरपंचाने, मास्तरांनी घरच्यांसोबत ठाण्यात जावं. शोकसभेत दोन मिनिटं उभं राहतो, तसं ग्रामसभेत दहा मिनिटं बसावं आणि विचारावं, हा माणूस कसा गेला, आणि असाच दुसरा जाऊ नये म्हणून आपण काय करणार आहोत?

आत्याच्या प्रश्नाचं उरलेलं अर्धं उत्तर आठव्या वर्षी मिळालं. मी माहितीच्या अधिकारात अर्ज केला, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला. महिन्याभरात पंचनाम्याची प्रत आली. अंगात निळा शर्ट. उजव्या मनगटात काळा दोरा. डोळे अर्धवट मिटलेले. आणि खाली, त्याच सरळ हस्ताक्षरात : दोन्ही हातांच्या नखांत हिरवट शेवाळ, बोटांची टोकं सोललेली.

प्रत घेऊन मी आत्याकडे गेलो. ती ओसरीवर गहू निवडत होती. मी ती ओळ वाचून दाखवली, मग त्या कारागिराचं बोलणं सांगितलं. ती बराच वेळ सुपाकडे बघत राहिली.

"म्हणजे वर यायला धडपडला तो," ती म्हणाली.

"हो आत्या. शेवटपर्यंत."

"घरी यायचं होतं त्याला."

"हो."

तिने पदर तोंडाला लावला आणि त्या दिवसानंतर पहिल्यांदा ती मोकळेपणी रडली. ती ओळ आठ वर्षं ठाण्याच्या कपाटात होती. ती लिहिणाऱ्या हवालदाराने आपलं काम चोख केलं होतं. ती आईला वाचून दाखवणं हे कुणाचंच काम नव्हतं.

ते कुणाचं तरी काम झालं पाहिजे. त्यासाठीच हे लिहिलं.